आणखी समोर

मी पोटविकारांची डॉक्टर. या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं निदान करते — याची झोप झाली नव्हती, हिच्या अंगात ताप असणार... त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना जरा लाजच वाटतेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

आधी बाबांचं सांगते. आमचं घर मनीषनगरला. बाबांच्या पोटातली मोठी धमनी फुगली होती, म्हणून ऑपरेशन करून तिथे कृत्रिम नळी बसवलेली. चार वर्षांनी त्यांना रक्ताची उलटी झाली, वाटीभर. घशातून दुर्बीण मीच घातली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जठरात छोटासा अल्सर दिसला. गुडघेदुखीसाठी ते वेदनाशामक गोळ्या खायचेच, म्हणजे कारण सापडलं! अल्सर कोरडा होता, त्यातून रक्त आल्याची खूण नव्हती, तरी माझा जीव भांड्यात पडला. लहान आतड्याच्या दुसऱ्या भागापर्यंत जाऊन नेहमीसारखी परत फिरले.

अशी नळी क्वचित आतड्याला घासून भोक पाडते. आधी थोडं रक्त येतं, थांबतं, आणि मग... हे भोक बहुतेक वेळा तिसऱ्या भागात असतं, आपण जिथून परत फिरतो त्याच्या पुढे. सीटी स्कॅन करायला हवा होता. परीक्षेत हे सगळं लिहून मी मार्क मिळवले होते. पण टेबलावर बाबा होते आणि मला साधं कारण हवं होतं. आठव्या दिवशी चहा पिता पिता आईसमोर त्यांना पुन्हा उलटी झाली. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

दीड वर्षानंतरची गोष्ट. सकाळचे अकरा. पेशंट बुटीबोरीच्या एका कारखान्यातला, बिहारहून महिन्याभरापूर्वी आलेला. मराठीचा एक शब्द येत नव्हता. तीनदा रक्त पडलेलं, दोनदा दुर्बीण झालेली, रिपोर्टमध्ये छोटा अल्सर. मलाही तोच दिसला, कोरडा. दुसऱ्या भागापर्यंत गेले. काही नाही. दुर्बीण मागे घ्यायला लागले, तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला —

“थांबू नको, डाक्टरीनबाई. आणखी समोर चाल.”

अकरावीत मला स्कूटी शिकवताना बाबा मागे धावत हेच म्हणायचे. डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधीपासून ते मला चिडवायला डाक्टरीनबाई म्हणत. बाहेर हे कुणालाच ठाऊक नाही. पेशंट तर इंजेक्शनने झोपलेला, दातांत माउथपीस, घशात दुर्बीण. तशात कुणाला शब्द उच्चारताच येत नाही.

भास म्हणून मी सोडून दिलं असतं. पण शेजारी उभ्या कुंदा सिस्टरनी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, कोण बोललं जी?”

मी पुढे गेले. तिसऱ्या भागात, एका वळीच्या आड, टाचणीच्या डोक्याएवढी उघडी धमनी होती आणि तिच्यातून रक्ताची बारीक धार. अशा धमनीच्या आजूबाजूला जखम नसते. रक्त थांबलं की ती दिसतही नाही. फार दुर्मिळ प्रकार. क्लिप लावली, धार थांबली. चौथ्या दिवशी तो माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्याला काहीच आठवत नव्हतं.

महिनाभर मी थकवा, अपराधीपणा, सगळी कारणं लावून पाहिली. सिस्टरनी ऐकलं, त्याचं उत्तर एकातही मिळालं नाही. आजही नाही.

शेवटी आईला सांगितलं. बाबांच्या वेळी मी कुठून परत फिरले, तेही पहिल्यांदाच सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून तिने एवढंच विचारलं, “आवाज रागाचा होता काय वं?”

“नाही,” मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. मी तिथेच बसून रडले. बाबा रागावले असते, तर सोपं गेलं असतं.