साहेबांच्या मसुद्यातली विहीर

या राज्यात पाण्यावर सगळ्यात जास्त प्रेम कोणी केलं असेल, तर ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी. आणि सगळ्यात कमी पाणी कोणाच्या हातून वाचलं असेल, तर तेही बहुधा त्यांच्याच. सरकारात पाण्याच्या धोरणाचे मसुदे लिहिण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. एवढ्या काळात त्यांनी एकही व्हॉल्व्ह स्वतः फिरवलेला नाही, हे ते अभिमानाने सांगतात, कारण व्हॉल्व्ह फिरवणं ही अंमलबजावणी झाली आणि तिचं खातं वेगळं. आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून ते एकाच शब्दाकडे बोट दाखवतात. "जलस्रोतांचं संरक्षण करण्यात येईल, एवढंच वाक्य होतं हो मूळ मसुद्यात. मी 'शक्यतोवर' घातला. नाहीतर सरकार केवढं अडकलं असतं!" एखाद्याने धरण बांधल्याचं सांगावं, तसं ते हे सांगतात. समोरचा माणूसही क्षणभर दबून जातो.

घरीही तोच खाक्या. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं गळत होता. मी सोसायटीचा चिटणीस, टाकीच्या पातळीची रोज इंचात नोंद ठेवणारा माणूस, म्हणून एकदा घड्याळ लावून बसलो. चार तास दहा मिनिटांत एक बादली भरली, म्हणजे दिवसाला पावणेसहा बादल्या. हा आकडा ऐकून साहेब खूश झाले. म्हणाले, "छान माहिती आहे. पण ही गळती व्यवस्थापनाची बाब आहे. अशी सुटी सुटी दुरुस्ती करत गेलं की एकात्मिक दृष्टिकोन राहत नाही." आतून वहिनींचा आवाज आला, "एकात्मिक नंतर बघा, आधी एक वायसर आणा!"

अशा माणसाला आम्ही सोसायटीचा अध्यक्ष केलं, ही आमची चूक. पहिल्याच सभेत त्यांनी सोसायटीची स्वतंत्र जलनीती मांडली. जमिनीखालची टाकी ए विंगच्या पायथ्याशी आहे, म्हणून ए विंग हे वरचं खोरं झालं आणि बी विंग खालचं. पिण्याच्या पाण्याला पहिला प्राधान्यक्रम, घरगुती वापराला दुसरा, कुंड्या म्हणजे शेती, गाड्या धुणं म्हणजे उद्योग. एप्रिलमध्ये पाणीकपात लागली तेव्हा बी विंगला सकाळभर थेंब मिळाला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई तडक अध्यक्षांच्या दारात. साहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं, की खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी आधी पाणी वापर संस्था स्थापन करावी, मग वाटपाचा विचार होईल. ताई म्हणाल्या, "अहो साहेब, आमचे हे अंगाला साबण लावून बसलेत आत. संस्था आधी नोंदवू का त्यांना आधी पुसू?"

त्या दिवशी ताईंच्या यजमानांना वाचवलं ते तळवलीच्या विहिरीने. आमच्या कंपाउंडच्या मागची भिंत ओलांडली की तळवली हे जुनं गाव सुरू होतं, आणि भिंतीला लागूनच एका काकूंची विहीर होती. शहर वसताना त्यांची शेतं गेली, विहीर तेवढी राहिली. कपातीच्या दिवशी आम्ही भिंतीवरून पाइप टाकायचो, काकू स्वतः मोटर चालू करून द्यायच्या, आणि सगळ्यांचे फ्लश आणि आंघोळी निघायच्या. माझ्या वहीत अशा प्रत्येक दिवसापुढे 'विहीर' लिहून बरोबरची खूण आहे.

एका रविवारी काकू माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊ, दिराची पोरं विहीर बुजवतान. गाड्या लावायला जागा करायचीय त्यांना. मी एकली बाई, माजं कोन ऐकतंय? तुमी सोसायटीचा एक कागद द्या. आमी हिचं पानी वापरतो, येवडंच लिवा. वॉर्डात दाखवते, पोरांनाबी दाखवते."

मी चार ओळींचं पत्र तिथल्या तिथे लिहिलं, माझी सही केली आणि अध्यक्षांच्या सहीसाठी काकूंना घेऊन वर गेलो. साहेबांनी पत्र तीन वेळा वाचलं आणि चष्मा काढला. "'वापरतो' म्हटलं की हक्क निर्माण होतो. भूजलाबाबत आपलं काही धोरणच नाही अजून. धोरणाआधी पत्र दिलं तर चुकीचा पायंडा पडेल." मग त्यांचे डोळे चमकले. त्याच संध्याकाळी 'विहीर संरक्षण उपधोरण, प्रारूप' लिफ्टशेजारी लागलं. हरकती आणि सूचनांसाठी मुदत तीस दिवस.

"साहेब, पोरं मंगलवारी डेब्रिज टाकनार हायत," काकू म्हणाल्या.

"मंगळवारी? मग मुदतीतच आहेत की. त्यांनाही हरकत नोंदवता येईल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. एकट्या चिटणिसाच्या सहीने पत्र चालतं का, हे मी उपविधीत पाहिलं. चालत नव्हतं. मी ते पत्र घडी करून फाइलला लावलं. साहेबांना हसताना हेही लिहायला हवं.

मंगळवारी सकाळी नऊला पहिला डंपर आला. साहेब प्रारूपाची प्रत घेऊन जवळजवळ धावत खाली गेले. मी मागोमाग. डंपरसमोर उभं राहून ते ओरडले, "हरकतींची मुदत संपलेली नाही!" ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "ओ अंकल, साइड हो जाव. लागेगा." एकतीस वर्षं ज्यांच्या कागदांपुढे भलेभले थांबले, ते साहेब बाजूला झाले. पण घरी मात्र गेले नाहीत. सात डंपर रिकामे होईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले, चपला धुळीने पांढऱ्या. काकू आपल्या पायरीवर बसून होत्या.

तीस दिवस संपले. हरकत एकही आली नाही. त्यानंतर एका दुपारी साहेब माझ्याकडे आले. उपधोरण अंतिम करायचं होतं. मी म्हटलं, "आता कशाचं?" ते म्हणाले, "नोंद तरी राहील हो." परिशिष्टात स्रोताच्या क्षमतेची जागा कोरी होती. "विहीर किती खोल होती? पाणी किती असायचं?" मी वह्या काढल्या. टाकीची सहा वर्षांची पातळी इंचाइंचाने होती. विहिरीसमोर नुसत्या खुणा. ती मोजावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

दोघं काकूंकडे गेलो. विहिरीच्या जागी तीन गाड्या उभ्या होत्या. काकूंनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. साहेबांनी प्रश्न विचारला, पण त्यांच्या आवाजात नेहमीचं सरकार नव्हतं. कोणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर वारलेल्या माणसाचं वय विचारावं, तसं त्यांनी हळूच विचारलं.

काकूंनी गाड्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, "मापली नाय कदी, साहेब. रशी पुरायची."