गुरुजींची उभी वाट

"वाट ढोरायसाठी असते, माणसानं नाकासमोर जावं," असं म्हणून गुरुजी धोतराचा सोगा कमरेला खोचायचे. आज पुन्हा आपल्या पिंढऱ्या सोलून निघणार, हे आम्ही तेव्हाच समजायचो.

शाळेच्या पाटीवर 'मुंबई राज्य' ठेवायचं की 'महाराष्ट्र' लिहायचं, यावर वाद चालले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. बाभुळगावच्या शाळेत गुरुजी आणि मी बरोबर शिकवत होतो. ते माझ्याहून बरेच वडील. गावाबाहेरच्या टेकडीवर देवीचं ठाणं होतं. रविवारी गुरुजी तिकडे निघाले की आम्ही दोघे-तिघे मास्तर आणि पोस्टातला कारकून त्यांच्या मागे. चांगली पायवाट वळणं घेत वर जायची, पण गुरुजींना वळणाचा तिटकारा. ते गवत तुडवत, धापा टाकत उभे चढायचे आणि वर पोचून म्हणायचे, "पाहा, किती जवळ पडलं!" पायवाटेने आलेल्या बायाबापड्या तोवर प्रसाद खाऊन निवांत बसलेल्या असायच्या. हे त्यांना सांगणार कोण? तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

गुरुजी जातात म्हणून हळूहळू सारा गावच तिथून जाऊ लागला.

एकदा पोळ्याच्या सुट्टीत आम्ही उतरत होतो. खाली तांड्यावरच्या एका बाईचं वावर होतं. होतं तेवढंच, आणि ती एकटीच ते करायची. ती कपाशीच्या पऱ्हाटीतले दगड वेचत होती. निम्मं वावर मुरुमाखाली गेलेलं, झाडांचे नुसते शेंडे वर.

"काय झालं, बाई?"

"कोणंतरी टेकडीवर उभी वाट पाडली, बाप्पा. गवत मेलं. सारं पाणी त्याच वाटेनं खाली आलं, मुरूम घेऊन."

रागावले की गुरुजींची पुस्तकी भाषा सुटायची. "कोण हाय तो गधा? नाव सांग, मी पाह्यतो त्याले."

"नाव नाई ठाऊक. शाळेतला कोणी म्हातारा गुरुजी हाय म्हणते."

आम्ही सगळे आभाळाकडे पाहू लागलो. पोस्टातल्या कारकुनाला खोकला आला.

"तो गधा मीच हाय," गुरुजी हळूच म्हणाले.

बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग दगड वेचू लागा," म्हणाली. गुरुजी वाकले. आम्हीही वाकलो, न वाकून सांगतो कोणाला?

पुढच्या रविवारी गुरुजींनी त्या उभ्या वाटेच्या ओघळीत दगडांचे आडवे बांध रचले आणि खाली, आमच्याकडे वाट बंद करायची रीत आहे तशी, बोराटीची काटेरी झुडपं टाकली. लोक काठीने काटे सारून चढायचेच. हटकलं तर म्हणायचे, "गुरुजी तं इथूनच जातेत!" मग काय, गुरुजी स्वतःच तिथे बसू लागले आणि येईल त्याला वळणाच्या वाटेला लावू लागले. आम्ही त्यांना नाक्यावरचा शिपाई म्हणायचो. "हसा लेको," म्हणायचे, पण उठायचे नाहीत. त्या वर्षी देवीचं दर्शन काही त्यांना घडलं नाही.

वाट पडली झटकन, गवत मात्र फार सावकाश धरलं. तोवर गुरुजी निवृत्त झाले, गुडघे गेले. यवतमाळला मुलाकडे राहायला जाण्याआधी एकदा देवीला जाऊन येऊ म्हणाले. मी सोबत होतो. बाई आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी होती. त्यांची चाल पाहून तिलाच राहवलं नाही.

"गुरुजी, वळणानं काहून जाता? पाय दुखून राह्यले तुमचे. जा ना माह्या वावरातून उभ्यानं. तुमच्या एकट्यानं काय होते?"

गुरुजी थांबले. जावं त्यांनी, असं मलाही मनापासून वाटलं.

"एकटा कुठं जातो वं मी," ते म्हणाले. "माह्या मांगं सारं गाव येते."

पहिल्याच वळणावर त्यांचा दम संपला. दगडावर बसले, टेकडीकडे पाहून हात जोडले. पुढे वर्षभरातच ते यवतमाळला वारले. त्यांना पुन्हा इकडे येणं झालं नाही. पण त्या दिवशी बाई मागून आली, त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि वळणावळणाने वर निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले.