अडकलेला सूर

ऑर्गनच्या भात्यांचं चामडं चिकटवायच्या गरम सरसाचा वास आला की मला बॉनमधल्या जुन्या सिनेमागृहातली एक दुपार आठवते. पडद्यावर मूकपट चालू होता, तिथला जुना ऑर्गन जपणाऱ्या आमच्या गटातल्या वादकबाई खाली तो वाजवत होत्या आणि मी वर, जिथून त्याचे सूर निघतात त्या पाइपांच्या कोंदट खोलीत टॉर्च घेऊन उभा होतो. नवा मालक प्रेक्षकांत बसला होता. आज ऑर्गन बिघडला तर तो काढून तिथे बार करणार, असं त्याने बजावलं होतं. त्याच्याविरुद्ध छापलेली माझी पत्रकं खिशात तयार होती. "आधी वाजू दे, मग भांड," बाई म्हणाल्या होत्या. आणि मध्येच एक सूर अडकला, काही केल्या थांबेना. शेजारच्या पाइपांना धक्का न लावता मी चाचपत गेलो, थरथरणारा पाइप सापडला, तो उपटून काढला. सूर थांबला, बाई वाजवतच राहिल्या. मध्यंतरात मालक थेट वर आला. "बिघडला ना?" पाइप माझ्या हातातच होता. "हो, बिघडला. आणि आम्ही सावरलाही." "आणि तुम्ही नसाल तेव्हा?" "मी असेन," मी म्हणालो. खरं तर दूरच्या इंगोलश्टाट शहरातली नोकरी मी स्वीकारून बसलो होतो. "मग राहू दे," म्हणत मालक खाली गेला. पत्रकं खिशातच राहिली. संध्याकाळी घरी जाऊन मी नोकरीला नकार कळवला. ऑर्गन अजून तिथेच आहे. मीही.