वायर काढलेला हॉर्न

लिंबू-मिरची आमच्या गाडीलाही असते, पण ती मालक बांधतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. रस्त्यात बाई दिसली, मागं कोणीतरी येऊन बसलं... ढाब्यावर रोज ऐकतो नि हसून सोडून देतो. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी मूळचा किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली. सहा वर्षं झाली, वाळूजला खोली करून राहतो, ट्रक चालवतो. इथं नात्याचं कोणी नाही. स्वभाव घाबरट, त्यामुळं गाडीची काळजी जरा जास्तच करतो. यंदा उन्हाळा लागायच्या आधीच गाडी गफारचाचांच्या गॅरेजला नेली. रेडिएटर धुतला, कूलंट बदललं, फॅनचा पट्टा नवा टाकला. सकाळी टायर थंड असताना हवा तपासली. एक प्रेशर हॉर्न होता, तीन सुरांचा, लांबलचक. तापला की त्याचं बटण अडकायचं नि तो थांबायचाच नाही. चाचांनी त्याची वायर काढली, टोकाला काळी टेप गुंडाळली, म्हणाले साधा हॉर्न आहे ना, तेवढा बास.

निघताना त्यांनी विचारलं, "गाडी का तो हो गया. तेरा क्या?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी वीस लिटरचा कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून केबिनमध्ये ठेवला. मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या. "ये पानी तेरा है. गाडीला द्यायचं नाय. समझा?"

मी हो म्हणालो.

मे महिन्यात सोयगावहून मका भरून वाळूजला निघालो. फर्दापूर सोडून घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला. गाडी बाजूला घेतली. रेडिएटरच्या पाइपची क्लिप सैल झाली होती, पाणी गळत होतं. क्लिप आवळली, इंजिन निवेपर्यंत थांबलो, नि चाचांनी नको म्हणून सांगितलेलं तेच केलं. कॅनमधलं सगळं पाणी रेडिएटरला पाजलं. वाटलं, गाडी चालली तर मी चाललो... मला काय, पुढं ढाबा आहेच.

ढाबा बंद होता.

दुपारचा दीड. घाट चढून वर आलो होतो, तेव्हा अंगाचा घाम थांबल्याचं लक्षात आलं. बरं वाटलं मला! वाटलं, ऊन कमी झालं. मग रस्ता हलायला लागला. गाडी कशीबशी कडेला लावली, इंजिन बंद केलं, उतरून दार लावलं. फोन तापून बंद पडलेला. रस्त्याच्या खाली पाण्याच्या चारीपलीकडं एक कडुलिंबाचं झाड होतं, तिथवर गेलो नि पडलो. रस्त्यावरून मी कुणाला दिसणं शक्य नव्हतं. आईची आठवण आली, एवढंच आठवतं. आता आपण काही घरी जात नाही, असं स्पष्ट वाटलं.

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारा माझ्या डोक्यावर पाणी ओतत होता. मेंढरं राखणारा होता, खांद्यावर घोंगडी. माझा सदरा काढून ओला करून छातीवर टाकलेला. घोट-घोट पाणी पाजत म्हणाला, "निजू नगं लेका. नाव सांग तुजं."

मला नाव सांगायला बराच वेळ लागला.

नंतर त्याला विचारलं, मी दिसलो कसा? तो म्हणाला, दिसलास कुठं? टेकाडाच्या पलीकडं मेंढरं बसवली होती, तर हॉर्न थांबंना. मेंढरं उठून उभी राहिली. म्हणून कोण बोंबलतंय बघायला आला, तर वाटेत झाडाखाली मी.

मी म्हणालो, साधा हॉर्न असेल, दुसऱ्या गाडीचा.

"दुसरी गाडीच नव्हती," तो म्हणाला. मग त्यानं तोंडानं तो हॉर्न वाजवून दाखवला. तीन सूर, शेवटचा लांब. एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. केबिनचं दार बंदच होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.

वाळूजला पोचल्यावर चाचांना सांगितलं. त्यांनी पुढचं झाकण उघडलं. वायर तशीच लोंबत होती, टेप तशीच. चाचांनी टेप चाचपून बघितली, मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चाय पी."

पंधरा दिवसांनी चहापत्ती नि साखर घेऊन त्या टेकाडावर गेलो. खरं सांगतो, म्हातारा भेटणार नाही याची भीती होती. भेटला. बायको होती, मेंढरं होती. मी हात लावून बघितला तर हसायला लागला. "भूत समजला व्हय मला?" बायको म्हणाली, हॉर्न तिनंही ऐकला, कान किटले होते.

म्हणजे म्हातारा खरा, पाणी खरं. हॉर्न कुणी वाजवला ते मला माहीत नाही. उन्हात डोकं फिरलं म्हणाल तर माझं फिरलं, त्या दोघांचं नाही, मेंढरांचं तर नाहीच. आता दुपारी बारा ते चार मी गाडी सावलीला लावतो, मालकांनीही हो म्हटलंय. गेल्या महिन्यात आईला इथं आणून दवाखान्यात दाखवलं, मोतीबिंदू निघाला.

चाचांचे आभार मानले, म्हाताऱ्याचे मानले. एक जण राहिलाय... त्याचा पत्ता नाही, म्हणून इथं लिहिलं.