रविवारी पहाटेची बस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

बव्हेरियातल्या आमच्या छोट्या शहराच्या नगरसभेत मी निवडून आलो, तो पक्षाच्या मेहेरबानीने नव्हे! जुनी यंत्रं घेत-विकत मी इथे उभा राहिलो, आणि या लोकांनी मला उमेदवारांच्या यादीत तळाशी टाकलं – शोभेचा परदेशी म्हणून. वर आणलं ते मराठी मंडळातल्या मेधाताईंनी. इथे एकाच उमेदवाराला तीन मतं देता येतात, त्याने यादीतला तळाचाही वर येतो. जर्मन पासपोर्ट घेतलेल्या आपल्या घराघरांत जाऊन त्यांनी ते समजावलं.

मेधाताई हॉस्पिटलात नर्स. मागणी एकच – रविवारी पहाटेची बस. दुखऱ्या गुडघ्याने त्या बर्फातून सायकल हाकत ड्यूटीला जायच्या. म्हणायच्या, "अहो, तुमच्याशी भाव करताना माणूस दमून हो म्हणतो. आता त्यांना दमवा की!"

दमवलं मी? सांगतो.

इथे खरा निर्णय पक्षाच्या बंद बैठकीत होतो. सभेत नुसते हात वर होतात. त्या बैठकीत गटप्रमुख म्हणाला, "आल्झो... तर मग, बांधकाम समितीत एक जागा आहे." मला ती हवी होती. किती दिवस कोपऱ्यात बसायचं? मग बदल्यात त्याने माझ्याकडे बस मागितली – नाही, हे खोटं. त्याने काहीच मागितलं नव्हतं. मीच म्हणालो, "मला जागा द्या, बसचा आग्रह सोडतो."

नंतर कळलं, जागा मलाच द्यायचं आधीच ठरलं होतं. सांगायला काय झालं होतं त्यांना? अजून डोकं तडकतं! पण बस मी विकली, त्यांनी नाही.

पुढच्या सभेत मी टेबलावर हात आपटून ओरडलो – परदेशी नर्स चालतात, त्यांना बस द्यायला नको? बसच्या बाजूने हात वर केला तो एकट्याने. तेवढी मुभा गटप्रमुखाने हसत दिली होती. बसचा ठराव पडला. मंडळात माझ्या भाषणाचा व्हिडिओ फिरला.

त्याच हिवाळ्यात मेधाताईंनी हॉस्पिटल सोडलं. आता घराजवळच्या दुकानात गल्ल्यावर बसतात.

यंदा गणपतीत त्यांनी आरतीचं तबक माझ्या हाती दिलं. सगळ्यांना म्हणाल्या, "आपल्यासाठी एकटा भांडलेला माणूस आहे हा."

मी तबक घेतलं. आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात आरती म्हटली.