झिंग्यांच्या टरफलांची खळ

पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात साबण विकणारा एक माणूस मासळीवाल्यांकडून झिंग्यांची टरफलं मागून न्यायचा. ती तेजाबात भिजवून, साबणाच्या कॉस्टिकमध्ये उकळून, सिरक्यात विरघळवून तो कपड्यांची खळ करायचा. बोलताना सोललेली बोटं धोतराला पुसायची त्याची सवय होती. ती खळ कोणीच घेत नसे.

“बाई, एक डाव लावून पाहा न,” तो मला म्हणाला. “मास्तरांच्या घरी चालली म्हनलं, तं धोबी घेतीन. नाही तं घरची हे गाडगं फेकून देते.”

खळीचा तांदूळ वाचेल, हे मला पटलं. टापटिपीबद्दल माझी गावात ख्याती होती. ती मीच पसरवली होती. ह्यांच्या टोपीला मी ती खळ लावली. टोपी पत्र्यासारखी ताठ झाली. शाळेच्या झेंडावंदनाला ऊन चढलं तशी ती दरवळू लागली. राष्ट्रगीत चालू असताना एक मांजर येऊन ह्यांच्या पायाशी वर बघत बसलं, आणि ह्यांना हलता येईना.

पुढच्या बाजाराला मी भांडायच्या तयारीनं गेले. साबणवाला धोब्याशीच बोलत होता.

“टोपी वाकली का, बाई?” त्यानं आधीच विचारलं.

“नाही. पण मांजर मागे लागलं.”

“मांजराचं काय म्हन्ते?” धोबी म्हणाला.

“मांजर कायले टोपी घालते?” तो बोटं पुसत म्हणाला. “टोपी ताठ राह्यली, हे आइकलं न?”

धोब्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं हसत गाडगं उचललं.

भांडायला गेलेली मी त्याची जाहिरात करून, वर साबणाच्या दोन वड्या घेऊन घरी आले.