बांधापर्यंत

रविवार, ठकूआत्याचा दहावा. हजर: मी, धाकटा भाऊ बिरू, भावकीतली सात माणसं, कृष्णाकाठाहून आलेले जिनाप्पा. आणि कुणी न बोलावता आलेले आबासाहेब.

आबासाहेब का आले हे कळायला आधी आत्याचा खराटा सांगावा लागेल.

आमचं गाव जतच्या कोरड्या भागातलं. दिवाळीनंतर आत्या मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायची. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, धान्य आम्हाला. तळ असायचा जिनाप्पांच्या रानात. बांधापलीकडचं रान आबासाहेबांचं. सकाळी मेंढरं उठली की आत्या खराटा घेऊन बांधावर जायची आणि पलीकडं घरंगळलेल्या लेंड्या झाडून अलीकडं ओढायची. "बांधापर्यंत जिनाप्पाचं. त्याच्या म्होरं एक लेंडी बी न्हाई." बघणारे हसायचे. ती हसायची नाही.

त्याआधी, मी सहावीत असताना, आमचा तळ आबासाहेबांच्याच रानात होता. त्यांच्या मोटरीची केबल चोरीला गेली. चावडीपुढं गाव जमवून ते म्हणाले, "फिरस्ती जात. ह्यांच्याबिगर कोन नेनार?" मग माणसं घेऊन आले, पालं उलटली, माझं दप्तर चिखलात ओतलं. त्यात शाळेत बक्षीस मिळालेली कंपासपेटी होती. ती उचलून त्यांनी विचारलं, "ही कुनाची मारली गं?" बक्षिसाची आहे, म्हटलं. "मेंढरामागच्या पोरी कवापासनं बक्षिसं घ्याय लागल्या?" सगळे हसले. पेटी ते घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी केबल त्यांच्याच पुतण्याच्या गोठ्यात सापडली. त्या वेळी मात्र चावडीपुढं गाव जमलं नाही.

आत्याला अक्षर येत नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी ती मला वही घेऊन बसवायची. "लिव हौशे. घोंगडी चार. परात एक. कंदील एक. आपलं काय हाय ते समदं लिव. परत कोन पालात शिरलं तर वही तोंडावर मारायची." आज मी माधवनगरच्या एका सूतगिरणीत स्टोअर सांभाळते. माझ्या याद्यांचं साहेब कौतुक करतात. त्या कुठून आल्या, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

खराटा हा अर्धाच सूड होता. त्या भागात उतरणाऱ्या प्रत्येक तळावर आत्या स्वतः चालत गेली आणि केबलची गोष्ट सांगून आली. त्यानंतर आबासाहेबांच्या रानात कुणाचंच मेंढरू बसलं नाही. बांधाच्या एका अंगाला काळाभोर ऊस, दुसऱ्या अंगाला पिवळट. आबासाहेबांनी दुप्पट धान्य देऊ केलं. शेवटी एकदा स्वतः आले.

"ठकूबाई, किती दिस राग धरायचा? समदी आपलीच मानसं की."

"आपली व्हय? मग आवं, चावडीपुढं चोर म्हनला, तर चावडीपुढंच न्हाई म्हना. दोन शब्द हायती. तेवडं बोलायला काय बैलं लागत्यात?"

ते चालते झाले. आत्यानं खराटा उचलला आणि ते उभे होते तेवढी जागा झाडून काढली.

झालं गेलं सोडून द्यावं, असं मला पुष्कळ जण सुचवतात. सुचवणाऱ्यांपैकी एकाचंही दप्तर कुणी चिखलात ओतलेलं नाही.

तर दहाव्याला आबासाहेब बिरूजवळ बसले. "म्हातारी गेली. आता तरी बसवा रं मेंढरं. रान पार मेलंय."

बिरूनं माझ्याकडं बघितलं.

"चावडी हाय तितंच हाय, आबासाहेब," मी म्हणाले.

"हौसाताई, आता ऐकायला कोन ऱ्हायलंय? तवाची निम्मी मानसं गेली."

"मी हाय की."

आबासाहेबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठले.

बिरू सोमवारी तळ घेऊन निघतोय. वही मी तपासली. घोंगडी सहा, परात दोन, सोलरचा दिवा एक, खराटा एक. सगळ्यांपुढं खूण झाली. शेवटची ओळ आत्यानं लिहून घेतलेली. दर वर्षी मी ती नव्या वहीत उतरवते: आबासाहेबांनी चावडीपुढं बोलणं. या वर्षीही उतरवली. तिच्यापुढची जागा कोरी आहे.